वर्गाला कोण येतं आणि बाळ कोण सांभाळतं : एका प्रसूती रुग्णालयातलं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणचं हे ट्रस्टचं रुग्णालय. गाव, वर्ष आणि माणसांची ओळख लागेल असे तपशील गाळले आहेत. मी तेव्हा जवळच्या मेडिकल कॉलेजात पीएसएम (समाजाच्या आरोग्याचं आणि रोगप्रतिबंधाचं शास्त्र) शिकवत होते आणि एका विश्वस्तांशी जुनी ओळख होती, त्यामुळे या कामात ओढली गेले.

पहिलटकरणींसाठी तिथे दर शनिवारी दुपारी वर्ग भरायचा. सातवा महिना लागला की नाव घालायचं आणि चार शनिवार यायचं, जमलं तर नवऱ्याला घेऊन. जागा म्हणजे ओपीडीचाच हॉल. बाकं भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरायच्या. कळा खऱ्या की खोट्या हे कसं ओळखायचं, दवाखान्यात कधी निघायचं, बाळाला छातीला कसं धरायचं, चीक का फेकायचा नाही, नाळेला काय लावायचं (काहीच नाही), बाळंतिणीचं मन, धोक्याची लक्षणं, असा अभ्यासक्रम. समुपदेशक ताईंनी जुन्या साडीच्या कापडात कापूस भरून एक स्तन शिवला होता आणि स्वतःच्या मुलीची बाहुली आणून ठेवली होती. तिसऱ्या शनिवारी तो कापडी स्तन हातोहात फिरायचा. बायका आधी लाजायच्या, मग हसायच्या, आणि मग खरे प्रश्न सुरू व्हायचे. मी दोन वर्ग मागे बसून पाहिले. वर्ग चांगला होता. आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला उलट वाटू शकेल.

प्रश्न कुठून उपटला

एका कंपनीच्या सीएसआर निधीतून (समाजकार्यासाठी कंपन्या देतात तो पैसा) वर्गासाठी वेगळा हॉल बांधून मिळण्याची शक्यता निर्माण झाली. कंपनीने एकच गोष्ट मागितली: या वर्गाचा आईबाळाला फायदा होतो हे दाखवा.

रुग्णालयाकडे दाखवायला दोन गोष्टी होत्या. एक, अभिप्रायांची जाड फाईल. सगळीकडे पाचपैकी पाच, ताईंच्या समोर बसून, ताईंनीच दिलेल्या पेनाने भरलेले. दुसरी जास्त भारदस्त होती. एका निवासी डॉक्टरने केसपेपर चाळून वर्गाला आलेल्या आणि न आलेल्या पहिलटकरणींची तुलना केली होती. आलेल्यांमध्ये सिझेरियन कमी, वरचं दूध कमी, बाळांची वजनं बरी. विश्वस्त खूश होते. अहवालाचं मुखपृष्ठसुद्धा ठरलं होतं.

मी वर्गाचं रजिस्टर मागवलं. पत्ते बहुतेक नगरपालिका हद्दीतले; नवऱ्याचा व्यवसाय शिक्षक, बँक, स्वतःचं दुकान. न आलेल्यांच्या केसपेपरवर वीटभट्टी, ऊसतोड, एमआयडीसीत कंत्राटी, आणि पत्त्यात अशा वाड्या की शनिवारी दुपारी यायचं तर एसटी बदलावी लागते. जिला शनिवारची दुपार मोकळी मिळते आणि जिचा नवरा सतरंजीवर शेजारी बसायला तयार असतो, तिचं बाळंतपण वर्गाविनाही बरं जाण्याची शक्यता जास्तच. त्या तुलनेतून वर्गाचा गुण कळत नव्हता, कुणाचं घर कसं आहे ते कळत होतं.

विश्वस्तांनी विचारलं, "आकडे खोटे आहेत का, डॉक्टर?"

"खोटे नाहीत. पण त्यावरून वर्गाबद्दल काही बोलता येत नाही."

"कंपनीवाल्यांना एवढं कळणारे का?"

हा पहिला निर्णयाचा क्षण. तो माझ्या तर्काने सुटला असं म्हणायला आवडलं असतं, पण सोडवला मेट्रनबाईंनी. त्या म्हणाल्या, "आज नाही कळलं तरी पुढच्या वर्षी कुणीतरी विचारेलच. तेव्हा उत्तर मला द्यावं लागेल." अहवाल थांबला.

आधी इतरांनी काय पाहिलं होतं

गरोदरपणातल्या वर्गांचा उपयोग होतो का, हा प्रश्न जगात अनेकांनी नीट तपासलाय आणि उत्तर सरळ येत नाही. २००७ च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन म्हणजे जगभरच्या चाचण्या गोळा करून एकत्र पडताळणारी संस्था) ९ चाचण्या आणि २,२८४ स्त्रिया होत्या. सर्वसाधारण वर्गांचा परिणाम काय होतो हे त्यातून ठरवता आलं नाही. स्वीडनमध्ये १,०८७ पहिलटकरणींवर चाचणी झाली, २००९ मध्ये निकाल आला. श्वासाचे आणि नैसर्गिक प्रसूतीचे धडे असलेला वर्ग एका गटाला, नेहमीचा वर्ग दुसऱ्याला. कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, एपिड्युरल, दोन्हीकडे सारखंच, ५२ टक्के. डेन्मार्कमध्ये ऑऱ्हूसला ९ तासांच्या वर्गाची १,१९३ पहिलटकरणींवर चाचणी झाली. तिथे वर्गातल्या बायका कळा नीट सुरू झाल्यावर दवाखान्यात येण्याचं प्रमाण वाढलं आणि एपिड्युरलही कमी लागलं. म्हणजे "कधी निघायचं" हा साधा धडा कामाला आला.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १६९ जोडप्यांवर झालेल्या चाचणीकडे मी पुन्हापुन्हा वळत होते. नवराबायकोने मिळून आईबाप कसं व्हायचं यावर आठ सत्रं, त्यातली चार बाळंतपणाआधी आणि चार नंतर. एकमेकांची साथ, आईचं नैराश्य आणि चिंता, बाळाचं स्वतःला शांत करणं, या सगळ्यात फरक दिसला. आपल्याकडचे वर्ग, आमचाही त्यात आला, बाळ जन्मायच्या आतच संपतात.

मुंबईच्या वस्त्यांमधली चाचणी तर आपल्या दारातली. ४८ वस्त्यांपैकी २४ मध्ये महिलांचे गट भरवले गेले. २०१२ मध्ये निकाल आला आणि गट असलेल्या व नसलेल्या वस्त्यांमध्ये नवजात बाळांच्या बाबतीत फरक निघाला नाही. तशाच पद्धतीच्या गटांनी झारखंड-ओडिशात मात्र तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले होते (२०१०). जे एका ठिकाणी चाललं ते दुसरीकडे चालेलच, असं धरता येत नाही. शहरात गल्लोगल्ली गर्भसंस्काराचे वर्ग हजारो रुपये घेऊन काय काय कबूल करतात, ते सोडूनच देऊ. तिथे तपासायचा विषयच कुणी काढत नाही.

काय मोजायचं

विश्वस्तांना सिझेरियन मोजायचं होतं. तो आकडा सगळ्यांना समजतो. राज्यात २०१५-१६ ला तो २०.१ टक्के होता, २०१९-२१ च्या पाहणीत २५.४ झाला. पण सिझेरियनचा निर्णय लेबर रूममध्ये, रात्री दोन वाजता, डॉक्टर घेतात. कापडी स्तन आणि बाहुली तिथपर्यंत पोचत नाही. ते मोजलं असतं तर वर्गाच्या माथी नसलेली जबाबदारी पडली असती.

शेवटी तीन गोष्टी ठरल्या: जन्मानंतर पहिल्या तासात बाळ छातीला लागलं का, सहा आठवड्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही दिलं का (पाणी, मध, घुटी धरून), आणि सहाव्या आठवड्यात आईचं मन कसं आहे, त्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरोची दहा प्रश्नांची यादी.

कोणते पर्याय होते

वर्गाआधी आणि नंतर लहानशी परीक्षा घेणं सगळ्यांत सोपं. गुण वाढणारच, पण परीक्षेतलं ज्ञान आणि मध्यरात्री रडणारं बाळ यांचा संबंध असतोच असं नाही. मागच्या वर्षाशी तुलना करावी, तर मधल्या काळात वॉर्डातल्या दोन जुन्या सिस्टर निवृत्त झाल्या होत्या आणि नवे बालरोगतज्ज्ञ आले होते. सोमवारच्या ओपीडीला वर्ग आणि गुरुवारच्या ओपीडीला नाही, असंही सुचलं. पण दोन दिवसांचे डॉक्टर वेगळे, त्यांच्या सवयी वेगळ्या.

उरलं चिठ्ठ्या टाकणं. ज्यांना वर्गाला यायचंय त्यांच्यातच चिठ्ठ्या, म्हणजे दोन्हीकडच्या बायका तितक्याच उत्सुक. ताईंना हे अजिबात पटेना. "दारात आलेल्या बाईला नाही कसं म्हणू?" त्यांचा प्रश्न खरा होता. नाही म्हटलेल्यांना नंतर वर्ग देऊ, हा नेहमीचा तोडगा इथे चालत नाही. पोट वाट बघत नाही. आमच्याकडे पटवायला एकच मुद्दा होता. हॉलमध्ये पंधरा जोडप्यांपलीकडे माणूस मावत नव्हता, त्यामुळे कुणाला तरी नाही म्हणणं तसंही चालूच होतं. आधी येईल त्याला जागा, म्हणजे गावात राहणाऱ्याला जागा. चिठ्ठी त्याहून न्यायाची. कॉलेजच्या एथिक्स कमिटीनेही हेच धरून, दोन्ही गटांना नेहमीची तपासणी आणि छापील पुस्तिका मिळालीच पाहिजे या अटीवर, मान्यता दिली.

कृती

पहिल्या महिन्यात चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात होत्या आणि डबा ताईंच्या टेबलावर. तिसऱ्या आठवड्यात मला शंका आली. "वर्ग नाही" चिठ्ठी निघालेल्या एकीला जागा मिळाली होती. विचारल्यावर ताईंनी काही लपवलं नाही. ती मुलगी रडायला लागली होती, आई नव्हती तिला. ताईंनी डब्यात हात घालून दुसरी चिठ्ठी काढली.

मी ताईंच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणूनच चिठ्ठी तिथे असायला नको होती. त्यानंतर जाड खाकी पाकिटं आली, क्रमांक घातलेली, चिकटवलेली, आणि ती उघडायचं काम रेकॉर्ड रूमच्या क्लार्ककडे गेलं, ज्यांना समोरच्या बाईची गोष्ट ऐकायला वेळ नसायचा. आई नसलेल्या मुलीला आधार लागतो हे खरंच. त्यासाठी चाचणीबाहेर, चिठ्ठी न टाकता, अशा बायकांना थेट घ्यायची सोय आधीच करायला हवी होती. ती आम्ही उशिरा केली.

दुसरी गळती बाकावर झाली. ओपीडीत नंबर यायला दोन तास लागतात. तेवढ्यात वर्गातली बाई वर्गात नसलेलीला सगळं सांगते. एका बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर ताईंचे तक्ते फिरत होते आणि त्या गटात "वर्ग नाही" वाल्या तिघी होत्या. बायकांनी एकमेकींना शहाणं करू नये असं कोण म्हणेल? फक्त फरक मोजणाऱ्याची पंचाईत होते.

अडलं कुठे

जे अडलं ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही आजीने पहिल्या दिवशी सांगितलं असतं. पहिलं बाळंतपण माहेरी. डोहाळजेवण झालं की पोरगी निघाली. काहीजणी चौथ्या शनिवारच्या आधीच गेल्या. काहींचं बाळंतपण आमच्याकडे झालं, पण टाके काढले की माहेरची गाडी दारात. रजिस्टरवरचा फोन नवऱ्याचा. सहाव्या आठवड्यात फोन केला की तो सांगायचा, "ती माहेरी आहे. बाळ मस्त आहे." पुढे काही विचारावं तर त्याला माहीत नसायचं, तो रविवारी भेटायला जाणारा बाप. वर्गात बाहुलीला सगळ्यांत नीट दुपट्यात गुंडाळणारा एक तरुण होता. त्याने स्वतःचं बाळ महिनाभरात चारदा हातात घेतलं होतं.

फोन नर्सिंगची एक विद्यार्थिनी करायची. कोणती बाई कोणत्या गटात, हे तिला सांगितलेलं नव्हतं. एका फोनला मी शेजारी होते. माहेरचा नंबर खटपट करून मिळवला होता. फोन आजीने उचलला.

"दूध पुरतंय का बाळाला?"

"पुरतंय की. अन् घुटी बी चालू केलीय, पोट साफ ऱ्हातंय."

"घुटी कधीपासून?"

"पाचवीपासनं. आमच्यात तसंच असतंय."

"बाळाच्या आईशी बोलता येईल का?"

मागून बाळाचा आवाज, मग मुलीचा, हळू: "आई म्हणतीय तसंच." पुढे एडिनबरोची यादी होती. त्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. स्पीकरवर, आईच्या समोर, चुलीजवळ बसून कोण काय सांगणार? विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने नको म्हटलं आणि ती एकटी असेल तेव्हा पुन्हा फोन करायचं ठरवलं. दुपारी आजी झोपल्यावर लागलेल्या त्या फोनवर पंचवीस मिनिटं बोलणं झालं, त्यात यादीतले प्रश्न थोडेच होते.

नंतर मी तिचा कागद काढून पाहिला. वर्गानंतरची लहानशी परीक्षा आम्ही सोबत घेत होतोच. त्यात तिला पैकीच्या पैकी. "सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही," असं तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

मधला निर्णय

ताईंना लगेच उपाय सुचला: शेवटचा शनिवार आज्यांचा. दोन्हीकडच्या आयांना बोलवायचं. शिवाय जन्मानंतर आठवड्याच्या आत माहेरी एक फोन. मलाही ते पटलं. पण चाचणी अर्ध्यावर होती. आता वर्ग बदलला तर आपण नेमकं काय तपासलं हेच सांगता आलं नसतं.

तीन वाटा होत्या. आहे तसंच शेवटपर्यंत न्यायचं. गुपचूप वर्ग सुधारायचा आणि चाचणी चालूच ठेवायची. किंवा इथेच थांबायचं. विश्वस्तांना दुसरी वाट हवी होती. पहिलीचा हिशेब मी कागदावर मांडला. पहिल्या तासात पाजण्याचं प्रमाण ५० वरून ६० टक्के झालं तर ते खात्रीने दिसायला, ८० टक्के ताकदीच्या (म्हणजे खरा फरक असेल तर दहातल्या आठ वेळा तो सापडेल अशा) नेहमीच्या हिशेबाने, प्रत्येक गटात सुमारे ३९० बायका लागतात. सहा आठवड्यांच्या प्रश्नांना एवढाच फरक धरला आणि तेव्हा निम्म्या सापडणार नसतील, तर त्याच्या दुप्पट. त्या वेगाने आम्हाला कित्येक वर्षं लागली असती. हा हिशेब मी सुरुवातीलाच करायला हवा होता. केला होता, पण माहेर त्यात धरलं नव्हतं. पीएसएम शिकवणाऱ्या आणि स्वतः माहेरी बाळंत झालेल्या बाईने हे विसरावं, याची मला अजून लाज वाटते.

आम्ही थांबलो. जे झालं त्याला पूर्वतयारीची चाचणी म्हणायचं आणि तसंच लिहायचं ठरलं.

काय निघालं

टक्केवारी इथे देत नाही. इतक्या लहान आकड्यांना टक्के लावले की ते उगीच मोठे दिसतात.

परीक्षेतले गुण वर्गातल्यांचे जास्त. पहिल्या तासात पाजण्यात दोन गटांत फरक नाही, आणि त्याचं कारण वॉर्डात उभं राहिल्यावर पंधरा मिनिटांत कळलं. सिझेरियननंतर बाळ वॉर्मरवर, तिथून दुपट्यात गुंडाळून बाहेर नातेवाइकांना दाखवायला, पेढे, फोटो, आणि आईकडे ती वॉर्डात हलल्यावर. साध्या प्रसूतीत रात्रपाळीच्या एक सिस्टर होत्या, त्या वर्ग झालेली-न झालेली न बघता बाळ थेट छातीवर ठेवायच्या. तो पहिला तास आईच्या हातात नव्हताच. मेट्रनबाईंनी त्याच महिन्यात नियम बदलला: आधी आई, मग पेढे.

सहा आठवड्यांच्या दोन प्रश्नांबद्दल काही म्हणता आलं नाही, इतक्या बायका निसटल्या होत्या.

अहवाल कंपनीला तसाच गेला. हॉल मिळाला नाही. विश्वस्त काही दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होते. दोन महिन्यांनी कंपनीकडून विचारणा आली की फोन करणाऱ्या नर्सचा वर्षाचा पगार चालेल का. चालला.

पुन्हा करायचं तर

नाव घालतानाच विचारायचं: बाळंतपणाला कुठे जाणार, तिथला फोन कुणाचा, तिथली आशाताई कोण. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं. सहा आठवड्यांचा पाठपुरावा गावोगावी आयता चालू होता आणि आम्ही नवऱ्याचा मोबाईल वाजवत बसलो होतो.

वॉर्ड आधी सुधारायचा, मग वर्ग तपासायचा. उलट क्रमाने गेलं की वॉर्डाचा दोष वर्गाच्या नावावर लागतो. आणि मनाचे प्रश्न फोनवर विचारायचे असतील तर ती एकटी असण्याची वेळ आधी ठरवून घ्यायची, एखाद्या खुणेच्या शब्दासकट.

चिठ्ठ्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही. ताईंचंही नाही.

चाचणी थांबवल्यावर बदललेल्या वर्गाच्या दुसऱ्या फेरीतला आज्यांचा पहिला शनिवार मी पाहिला. अकरा जणी आल्या, दोघी विहिणी एकमेकींकडे न बघता बसल्या. ताईंनी घुटी का नको ते सांगितलं: उगाळायचं पाणी, सहाणेवरची घाण, भरलेलं पोट आणि कमी होणारं दूध, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातल्या जंतूने बाळ लुळं पडू शकतं. मागच्या रांगेतल्या एका आजींनी पिशवीतून छोटी सहाण काढून पुढे ठेवली. मुरूडशेंग, हळकुंड, वेखंड, सगळं पुरचुंडीत बांधलेलं.

"ही माझ्या सासूची. बंद करते म्हणा. पण रात्री पोरगं कळवळून रडाय लागलं, की मी हातात काय घेऊ?"

ताईंच्या तक्त्यात त्याचं पान नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, साधारण सहाव्या आठवड्यात कळस गाठतं आणि मग ओसरतं, एवढं तोंडी सांगून त्यांनी बाहुली उचलली आणि आजींच्या मांडीवर दिली. "तुम्ही कसं उगी करता, ते आधी दाखवा." आजींनी बाहुली खांद्यावर पालथी घेतली, पाठीवरून हात फिरवत उठल्या, आणि हॉलभर येरझाऱ्या घालत काहीतरी गुणगुणायला लागल्या. त्या दिवशी वर्ग अर्धा तास लांबला.